अनवाणी पायांच्या आधीची वीस वर्षं

तारीख नुकतीच बदलली आहे : ७ जुलै १९९८. तुम्ही मढच्या कोळीवाड्यात आहात आणि पाऊस धरून बसला आहे. होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आहेत, नारळी पौर्णिमेपर्यंत त्या हलायच्या नाहीत. समोरच्या घरात एक बाई अजून जागी आहे. आगोटीला भरून ठेवलेल्या सुक्या बोंबलांच्या डब्याचं झाकण ती उघडते, ओल लागली का म्हणून वास घेते आणि झाकण पुन्हा घट्ट बसवते. सकाळी पाटी घेऊन मालाडचा बाजार गाठायचा आहे. येतील ते पैसे तिच्याच कमरेला राहणार. मासळी आणायची पुरुषानं आणि विकायची बाईनं, हा इथला जुना रिवाज.

पलीकडे ओट्यावर पोरं गप्पा छाटत बसली आहेत. आज रात्री ब्राझील–नेदरलँड्स, वर्ल्डकपची सेमीफायनल. फुटबॉलवरून गाडी हमखास सचिनवर येते. एप्रिलमधल्या शारजाच्या त्या दोन शतकांवर अजून कुणाचं बोलून झालेलं नाही. गोल्फचं नाव मात्र या ओट्यावर कधी निघालेलं नाही.

तुम्ही पुढचं पाऊल टाकता ते थेट अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या कोहलर गावात. नळावर आणि बेसिनवर जे नाव वाचता, तेच हे कोहलर. त्या कंपनीच्या ब्लॅकवुल्फ रन या गोल्फ कोर्सवर अजून ६ जुलैची दुपार चालू आहे.

ऊन चांगलंच आहे. महिलांची यूएस ओपन, म्हणजे या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा, काल संपायला हवी होती. पण चार दिवसांत दोघींचे फटके सारखेच भरले, २९०. त्यामुळे आज फक्त त्या दोघी पुन्हा १८ होल खेळताहेत. एक जेनी चुआसिरिपॉर्न, थाई आईवडिलांची अमेरिकन मुलगी, अजून कॉलेजात शिकणारी. काल शेवटच्या होलवर तिनं ४० फुटांवरून चेंडू आत घालून बरोबरी साधली होती. दुसरी पाक से-री. वय २०, गाव दक्षिण कोरियातलं देजन.

सतरा होल झाले, अजूनही बरोबरीच. अठरावा होल. पाक पहिला फटका मारते, चेंडू डावीकडे भरकटतो आणि तळ्याच्या काठावरच्या उतारावर, दाट गवतात अडकतो. गर्दीत तुम्ही पुढे सरकता. चेंडू दिसतो, पण त्यापर्यंत पोचून उभं राहायला जागा नाही, खाली पाणी आहे. दंडाचा एक फटका पत्करून चेंडू दुसरीकडे ठेवता येतो. ती वाकून बघते, थोडी घुटमळते. मग खाली बसून बूट काढते, मोजे काढते.

पोटऱ्या उन्हानं रापून काळवंडलेल्या, आणि घोट्याखाली पाय पांढरेफटक. जणू दुसऱ्याच कुणाचे. वर्षानुवर्षं बुटात कोंडलेले ते पाय ती पाण्यात टाकते, चिखलाचा अंदाज घेते, आणि काठी उचलून चेंडू बाहेर काढते. फटका फार लांब जात नाही, पण चेंडू चांगल्या जागी येऊन पडतो. तिथून तो होल ती निभावून नेते. जेनीला जिंकायची संधी असते, पण तिचा पट, म्हणजे चेंडू होलात घालायचा हलका फटका, चुकतो. पुन्हा बरोबरी. आता जी आधी चुकेल ती हरेल. आणखी एक होल सारखाच सुटतो, आणि त्यापुढच्यावर, एकूण विसाव्या होलवर, पाकचा लांबचा पट वळत वळत आत जातो. तोपर्यंतची सगळ्यात लहान वयाची विजेती ठरलेली ही मुलगी रडायला लागते.

सोलमध्ये तेव्हा ७ जुलै उजाडतो आहे. तिथल्या घराघरांत लोक रात्रभर जागले आहेत. का, ते कळायला सहा महिने मागे जाऊ या.

जानेवारी १९९८, सोल. थंडी मढच्या माणसाला सोसणार नाही अशी. तुम्ही एका बँकेच्या रांगेत उभे आहात. पुढच्या बाईच्या हातात कापडाची पुरचुंडी आहे, त्यात लग्नातली अंगठी आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मिळालेली सोन्याची छोटी वळी. १९९७ च्या अखेरीस देशाच्या तिजोरीत परकीय चलन उरलं नाही, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. कारखाने बंद पडताहेत, कामावरून काढलेले बाप घरी सांगायची लाज वाटते म्हणून सकाळी टाय लावून बाहेर पडताहेत. कर्ज फेडायला लोक आपलं सोनं देशाला देताहेत. या मोहिमेत सुमारे ३५ लाख माणसांनी मिळून २२७ टनांच्या आसपास सोनं दिलं. मंगळसूत्र मोडायची वेळ ज्या घरानं पाहिली आहे, त्याला या रांगेबद्दल वेगळं काही सांगावं लागणार नाही.

अशा वर्षात एक वीस वर्षांची मुलगी चिखलात उतरते आणि अडकलेला चेंडू बाहेर काढते. टीव्हीनं ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. यांग ही-उन या गायिकेच्या जुन्या गाण्यावर ते बसवून सरकारी जाहिरातही झाली.

कोरियन बायकांच्या गोल्फची गोष्ट बहुतेक ठिकाणी इथूनच सुरू होते : संकट, अनवाणी पाय, चमत्कार. सोयीची आहे, पण अर्धी आहे. चमत्कार बघून मुली पेटून उठल्या हे खरं, पण पेटून उठलेल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं कुठे? अमेरिकेतून जिंकून आलेल्या मुलीच्या मागे कोरियात काहीतरी आधीपासून उभं असणार. ते बघायला आणखी वीस वर्षं मागे चला.

मे १९७८. सोलच्या उत्तरेला यांगजू इथला एक गोल्फ कोर्स. पुरुष खेळाडूंची व्यावसायिक परीक्षा चालू आहे, आणि तिच्या एका कडेला, पहिल्यांदाच, बायकांची. बघायला कुणी नाही. चौघी उत्तीर्ण होतात : कांग चुन-जा, हान म्यंग-ह्यन, कू ओक-ही आणि आन जोंग-ह्यन. कोरियातल्या पहिल्या चार व्यावसायिक महिला गोल्फर.

या चौघींतली कू ओक-ही जरा निरखून बघा. ती क्लबाच्या सभासदाची मुलगी नाही. ती कॅडी आहे, दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारी. कोरियात कॅडीचं काम मुख्यतः बायका करत आल्या आहेत. साहेब खेळून गेले की रिकाम्या कोर्सवर चार फटके मारून बघायचे, कुठल्या उतारावर चेंडू कसा वळतो ते डोक्यात ठेवायचं, हेच तिचं शिक्षण. श्रीमंतांच्या त्या हिरव्या आवाराचं पुढचं दार तिच्यासाठी नव्हतं. ती मागच्या दारानं, कामाला म्हणून आत आली.

कोरियात तेव्हा बायकांच्या स्पर्धा मोजक्या आणि बक्षिसं किरकोळ. म्हणून कू जपानला गेली आणि तिथल्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, तिनं पुढे २३ स्पर्धा जिंकल्या. मग अमेरिका. मार्च १९८८ मध्ये ॲरिझोनात टर्क्वाइज क्लासिक ही स्पर्धा ती जिंकते. बायकांच्या अमेरिकन टूरवर, म्हणजे एलपीजीए टूरवर, जिंकलेली पहिली कोरियन. पाकच्या विजयाच्या दहा वर्षं आधी. तुम्ही सोलला जाऊन विचारा, कुणाला ठाऊक नसतं. सगळा देश सप्टेंबरच्या ऑलिंपिकच्या तयारीत आहे, आणि गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले अशी लोकांची ठाम समजूत आहे. पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झालेले किम यंग-साम तर आपल्या कारकिर्दीत गोल्फ खेळणार नाही असं जाहीर करून मोकळे होतात, आणि अधिकारीही गपचूप काठ्या माळ्यावर टाकतात.

पण १९८८ मध्येच आणखी एक गोष्ट होते, जिला बातमीचं मोल नाही. बायकांची संघटना पुरुषांच्या संघटनेतून वेगळी होते. आता त्यांचं वेळापत्रक त्यांचं, प्रायोजक त्यांचे, पात्रता परीक्षा त्यांची. १९९२ मध्ये देजनची एक शाळकरी मुलगी व्यावसायिकांच्या स्पर्धेत उतरून सगळ्यांना हरवते, तेव्हा उतरायला स्पर्धा असते ती यामुळे. ती मुलगी पाक से-री. आधी ती धावायची, मैदानी खेळ खेळायची. गोल्फच्या वेडानं झपाटलेले तिचे वडील पाक जुन-चल यांनी तिला इकडे आणलं. मन घट्ट व्हावं म्हणून रात्री तिला स्मशानात सोडून येत, अशा कथा पुढे वर्तमानपत्रांतून छापून आल्या. १९९६ मध्ये ती व्यावसायिक होते, सॅमसंग तिच्यामागे उभी राहते, आणि फ्लोरिडात डेव्हिड लेडबेटरसारख्या नामांकित प्रशिक्षकाकडे पाठवते. अमेरिकेच्या टूरची पात्रता फेरी ती पहिल्याच झटक्यात पार करते.

म्हणजे त्या तळ्यात उतरलेल्या पायांखाली नुसता चिखल नव्हता. वीस वर्षांची भरणी होती.

आता पुढे. २००० च्या आसपासचं सोल, रात्रीचे नऊ. शहराच्या मधोमध आकाशाला भिडलेली हिरवी जाळी आणि जाळीकडे तोंड करून तीन मजली इमारत. प्रत्येक मजल्यावर ओळीनं माणसं उभी, समोर चेंडू मारताहेत. जागा आमच्या मुंबईइतकीच महाग, म्हणून गोल्फ असा उभा रचला आहे. एका कोपऱ्यात दहा-अकरा वर्षांची मुलगी मारते आहे आणि मागे तिचा बाप खुर्ची टाकून बसला आहे. तळहाताला पट्ट्या लावलेल्या, एक सुटून लोंबते आहे. बाप उठतो, पट्टी दातानं तोडतो, नवी लावतो, पुन्हा बसतो. कुणी काही बोलत नाही.

अशा मुलींना पुढे ‘सेरी किड्स’ म्हणू लागले. पाक इन-बी १९९८ च्या त्या पहाटे नऊ-दहा वर्षांची होती, घरच्यांच्या ओरडण्यानं जागी झाली आणि काही दिवसांत तिच्या हातात काठी आली. शिन जी-यैची आई अपघातात गेली. पाद्री असलेल्या वडिलांनी देणी फेडून विम्याचे जे काही पैसे उरले ते मुलीच्या खेळावर लावले. त्याच मुलीनं २००८ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. त्याच वर्षी १९ वर्षांची इन-बी यूएस ओपन जिंकून पाकचा लहान वयाचा विक्रम मोडते.

मुली जिंकल्या आणि मुलगे तितके का नाहीत, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. एक कारण साधं आहे : कोरियन मुलांना ऐन विशीत सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. दुसरं म्हणजे कोरियन कंपन्यांनी पैसा बायकांच्या टूरवर लावला, आणि ती पुरुषांच्या टूरपेक्षा जास्त लोकप्रिय झाली. घरच्याच स्पर्धेत एवढी गर्दी की तिथे तरली ती जगात कुठेही तरते. एकाच नावाच्या सहा खेळाडू झाल्या तेव्हा संघटनेनं नावापुढे आकडे लावले. म्हणून २०१९ च्या यूएस ओपनच्या विजेतीचं नाव ली जंग-उन सिक्स असं नोंदलेलं आहे. २००८ ते २०२० या तेरा वर्षांत ही स्पर्धा नऊ वेळा कोरियन बायकांनी जिंकली.

अमेरिकेला हे सगळं सहज पचलं असं समजू नका. ऑगस्ट २००८, पोर्टलंड. एलपीजीए टूरच्या बैठकीत तुम्ही मागच्या रांगेत बसा. या टूरवर तेव्हा ४५ कोरियन खेळाडू आहेत. त्यांना सांगितलं जातं की टूरवर दोन वर्षं झाली की इंग्रजी बोलता आलं पाहिजे, नाहीतर निलंबन. चेंडूला इंग्रजी येत नाही, पण प्रायोजकांबरोबर गप्पा मारायला ती लागते, असा एकूण सूर. बातमी फुटते, टीका होते, प्रायोजकही कानकोंडे होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निलंबनाची धमकी मागे घेतली जाते. मुंबईत भाषेवरून काय काय होऊ शकतं ते पाहिलेल्या माणसाला यातला अपमान उलगडून सांगायला नको.

या सगळ्याची किंमतही दिसते. पाक से-रीचा सूर २००४ नंतर हरपला, २००५ मध्ये बोटाच्या दुखापतीनं वर्ष वाया गेलं. २००६ मध्ये आणखी एक मोठी स्पर्धा जिंकून ती परतली, पण बापाच्या धाकात वाढलेल्या आणि पंचविशीतच थकलेल्या मुलींची गोष्ट कोरियात आता उघडपणे बोलली जाते. हे पान गाळून उरलेल्याची वाहवा करणं बरं नव्हे.

८ जुलै २०१२, पुन्हा ब्लॅकवुल्फ रन. तोच कोर्स, तीच स्पर्धा. जिंकते चे ना-यन, त्या पहाटे टीव्हीसमोर बसलेल्या मुलींपैकी आणखी एक. शेवटचा पट आत गेल्यावर शॅम्पेनची बाटली घेऊन धावत येते ती स्वतः पाक से-री. आणि २० ऑगस्ट २०१६ ला रिओत पाक इन-बी ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकते तेव्हा कोरियन संघाची प्रशिक्षक म्हणून बाजूला उभी असते तीही पाक से-रीच. महिला गोल्फ ऑलिंपिकमध्ये ११६ वर्षांनी परत आलं होतं. त्याच रिओत पाच दिवस आधी माणदेशच्या ललिता बाबरनं ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावून दहावा क्रमांक मिळवला होता. आणि गोल्फमध्ये, १८ वर्षांची एक भारतीय मुलगी, बंगळुरूची अदिती अशोक, वडिलांना कॅडी म्हणून बरोबर घेऊन खेळत होती. शेवटी ती ४१ व्या स्थानावर राहिली.

आता शेवटचा मुक्काम. ७ ऑगस्ट २०२१ ची पहाट. तुम्ही परत मुंबईत, मोबाइलवर टोकियो. ज्यांना बर्डी आणि बोगी यांतला फरक सांगता येणार नाही असे लाखो लोक चार वाजता उठून गोल्फ बघताहेत. जगात २०० व्या क्रमांकावरची अदिती पदकाच्या रांगेत आहे, या वेळी पिशवी आईच्या खांद्यावर. शेवटच्या होलवरचा तिचा पट किंचित हुकतो. एका फटक्यानं पदक गेलं, चौथा क्रमांक. कौतुक होतं, मनापासून होतं. आणि त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णावर जाऊन पडतो. सकाळचं गोल्फ संध्याकाळी कुणाच्या लक्षात राहत नाही.

कू ओक-हीची १९८८ ची गोष्ट आठवली ना? पहिलीचं हे असंच होतं. पण कूच्या मागे दहा वर्षांत पाक आली आणि पाकच्या मागे शंभर. आपल्याकडे कोलकात्याची स्मृती मेहरा नव्वदच्या दशकातच एलपीजीए टूरवर पोचली होती. नंतर अदिती, मग दीक्षा डागर, प्रणवी उर्स. चांगल्या मुली आहेत, पण एकेकटीनं वाट काढणाऱ्या. रांग लागलेली नाही.

यात हुशारीचा प्रश्न नाही, दाराचा आहे. भारतातही कॅडीचा खेळाडू झालेला आहे. दिल्लीच्या क्लबात पिशव्या वाहणारा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. पण आपल्याकडे कॅडी म्हणजे बहुतेक करून पुरुष. म्हणजे ज्या मागच्या दारानं कोरियाची कू ओक-ही आत शिरली, ते दार आपल्या बाईला जवळजवळ उघडलंच नाही, आणि पुढच्या दाराला सभासदत्वाचं कुलूप. मढची कोळीण पिढ्यान्‌पिढ्या बाजारात ठामपणे उभी राहते, कारण तो बाजार तिचा आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या किंवा पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या हिरवळीवर कुंपणापलीकडच्या वस्तीतली किती पोरं पिशवी घेऊन आत जात असतील ते जाऊन बघा, आणि त्यांत मुली किती, तेही बघा.

उपाय म्हणून मढच्या खाडीत भराव टाकून नवा कोर्स करा, असं कुणी सुचवलं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. एका पूर्ण कोर्सला निदान शंभर-सव्वाशे एकर लागतात, आणि मुंबईच्या उपनगरांत तेवढी मोकळी जमीन म्हणजे खारफुटी नाहीतर कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न. कोरियानंही मुली कोर्सवर कमी आणि जाळीसमोर जास्त घडवल्या. जाळी एका शाळेच्या मैदानाच्या कडेला मावते.

करण्यासारखं आहे ते एवढंच. खारघरला सिडकोचा सगळ्यांसाठी खुला असलेला गोल्फ कोर्स आहे. तिथे महापालिका शाळांतल्या मुलींना आठवड्यातली एक सकाळ द्या. जुन्या क्लबांनी सरकारकडून भाडेपट्ट्यानं जागा घेतली असेल, तर कॅडींच्या मुलींना तिथल्या जाळीवर फुकट सराव, ही त्या भाड्याची अट करा. महाराष्ट्रात बायकांच्या व्यावसायिक स्पर्धा होतात तेव्हा शाळेच्या बसेस आत सोडा. पुढची पाक से-री शोधायला निघू नका, ती शोधून सापडत नाही. आधी चार कू ओक-ही आत येऊ द्या. त्यांच्याकडे कुणी बघणार नाही, त्यांचं नाव राहणार नाही. पण वीस वर्षांनी कुठल्यातरी तळ्याकाठी एखादी मराठी मुलगी बूट काढील, तर ती त्यांच्याच जिवावर.